सुरवारी हिरडा कोण राखणार?

दरवर्षी 9 ऑगस्टला घोडेगाव आणि जुन्नर येथे जागतिक आदिवासी दिनाचे कार्यक्रम होतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने हा दिवस 1994 मध्ये निश्चित केला. मिरवणूक निघते, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो, शासकीय योजनांची माहितीपत्रके वाटली जातात. आपल्यापैकी काही वैद्यबंधू त्या निमित्ताने आरोग्य तपासणी शिबिरे घेतात. प्रस्तुत लेखकानेही घेतली आहेत. शिबिर आटोपून खाली पारगावला परतताना एक गोष्ट मात्र सतत खटकत राहते. डोंगरातल्या या तरुणांना आपण रुग्ण म्हणून ओळखतो, योजनांचे लाभार्थी म्हणून ओळखतो. परंतु ज्यांच्या हातून आपल्या औषधशाळेचा कच्चा माल येतो ते व्यवसायबंधू म्हणून ओळखत नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

पारगाव नावाची गावे जुन्नर तालुक्यात आहेत तशी आंबेगावातही आहेत, आणि ती पूर्वेकडील बागायती पट्ट्यात येतात. आंबेगावच्या पारगावनजीक दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा आहे. ऊस, कांदा, तरकारी यांवर हा भाग सुखी झाला, तो कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे. आणि त्या प्रकल्पातील घोड नदीवरचे डिंभे धरण ज्या खोऱ्यात बांधले गेले ते खोरे महादेव कोळी समाजाचे. त्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली तेव्हा आमच्या शिवारात पाणी आले. हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण पश्चिमेकडचा पदवीधर तरुण आज पहाटे नारायणगावच्या मजूर बाजारात उभा राहतो आणि दिवसभर टोमॅटो तोडून संध्याकाळी परततो, तेव्हा त्या चित्रामागचा भूगोल ठाऊक असावा.

योजना नाहीत असे नाही. घोडेगाव येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना भोजन-निवासाचा खर्च देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. व्यवसायासाठी कर्ज देणारे शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आहे. आयुर्वेद महाविद्यालयांच्या प्रवेशातही अनुसूचित जमातींसाठी 7 टक्के जागा राखीव आहेत. शिक्षणाच्या वाटेने या मातीतून मोठी माणसे निघाली आहेत. जुन्नर तालुक्यातील निमगिरीसारख्या दुर्गम गावात 1939 मध्ये जन्मलेले डॉ. गोविंद गारे पुढे आदिवासी संशोधनाच्या क्षेत्रातील अधिकारी पुरुष झाले; ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हा त्यांचा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडावा लागतो. परंतु सर्वच मुले डॉ. गारे होत नाहीत, आणि होण्याची गरजही नाही. पदवी घेतली, नोकरी मिळाली नाही, गावात परतला, अशा तरुणाला गावातच उभे राहता येईल असे काय आहे? माझे उत्तर असे की हिरडा आहे. आणि तो आपण, वैद्य आणि औषधशाळाचालक, चुकीच्या रीतीने विकत घेत आहोत.

हिरड्याच्या तीन अवस्था आपणा सर्वांस ठाऊक आहेत. अठळी धरण्यापूर्वी तोडून वाळविलेला तो बाळहिरडा, मधल्या अवस्थेतला चांभारी किंवा रंगारी हिरडा, आणि झाडावर पूर्ण पक्व झालेला सुरवारी हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे, तळेघरपासून घाटघर, अंजनावळ्यापर्यंत, जो व्यापार चालतो तो प्रामुख्याने बाळहिरड्याचा. चैत्र-वैशाखात घरातील लहानथोर सर्व झाडाखाली असतात. काटक माणसे शेंड्यापर्यंत चढतात. पडून जायबंदी होणारेही दरवर्षी असतात. अंगणात, खळ्यावर माल वाळतो आणि वळवाचा पाऊस येण्याआधी विकला जातो. पावसाळ्याची बेगमी, बी-बियाणे, शाळेचा खर्च, लग्नकार्याचे देणे, सर्व या एका पिकावर. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची झाडे मोडली तेव्हा लोकांनी नुकसानभरपाईसाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. झाडाची किंमत घराला काय असते, हे त्यावरून समजावे.

आता आपली बाजू पाहू. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने हरीतकी म्हणून जे द्रव्य सांगितले आहे ते पक्व फळाची बीरहित साल. त्यातील जलविद्राव्य अंश 60 टक्क्यांहून कमी नसावा, बाह्य द्रव्य 1 टक्क्याहून अधिक नसावे, अशी मानके आहेत. भावप्रकाशाने प्रशस्त हरीतकीची लक्षणे सांगताना नवी, स्निग्ध, घन, गोल, जड आणि पाण्यात टाकल्यास बुडणारी असे वर्णन केले आहे. ही परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही, एक पातेले पुरते. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याकडून आलेल्या पोत्यातील मूठभर फळे मी पाण्यात टाकली. निम्म्याहून अधिक तरंगत राहिली. काही किडलेली, काही दोन-तीन वर्षे जुनी, काही तर मधल्या अवस्थेतच तोडून पक्व म्हणून विकलेली. त्रिफळा, अभयारिष्ट, अगस्त्य हरीतकी यांचे गुण पाठात कितीही उत्तम असले तरी असल्या फळांतून ते कोठून येणार? बाळहिरड्याचे स्थान वेगळे आहे. गंधर्व हरीतकीसाठी तोच हवा. तक्रार बाळहिरड्याविषयी नाही. जेथे सुरवारी हवा तेथे तो मिळत नाही, आणि मिळत नाही याचे कारण आपणच आहोत, ही तक्रार आहे.

हे मला समजले ते एका तरुणाच्या बोलण्यातून. डिंभ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत शिबिर होते. विज्ञान शाखेचा पदवीधर, वय पंचविशीच्या आत. मी त्याला सहज विचारले, "तुम्ही थोडी झाडे सुरवारीसाठी का ठेवत नाही? आम्हाला चांगला माल मिळेल, तुम्हालाही चार पैसे मिळतील." तो हसला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाळहिरड्याला भाव सुरवारीच्या कितीतरी पट आहे. तरी तुम्ही म्हणता म्हणून ठेवली दोन झाडं, तर ती सात-आठ महिने राखायची कुणी? पावसात निम्मं गळणार, वांदर खाणार, दुसरा कुणी येऊन झोडून नेणार. आणि एवढं करून दिवाळीनंतर माल घेऊन तुमच्याकडं आलो, तर तुम्ही घेणार का? का म्हणणार, आमचा नेहमीचा व्यापारी आहे?"

मी निरुत्तर झालो, कारण माझा नेहमीचा व्यापारी होताच.

त्याच्या बोलण्यात सर्व अर्थशास्त्र आले. फळ कोवळे तोडणे हे अज्ञान नव्हे, तो शहाणपणाचा हिशेब आहे. बाळहिरड्याला रोख गिऱ्हाईक आहे आणि सुरवारीला नाही. झाड राखणे ही मजुरी आहे, आणि तिचा मोबदला कोणी देत नाही. पुढे असेही की सर्वच फळे कोवळी गेल्यावर बी जमिनीवर पडत नाही. नवी रोपे कोठून उगवणार? आज ज्या जुन्या झाडांवर हा व्यापार चालला आहे ती आजोबा-पणजोबांच्या काळातील आहेत. पन्नास वर्षांनंतरच्या वैद्याने हिरडा कोठून आणावा, याचा विचार आज पंचविशीतल्या तरुणाशी बोलूनच करावा लागेल.

शासनाने या व्यापारात हस्तक्षेप केला नाही असे नाही. आदिवासी विकास महामंडळ 1972 मध्ये स्थापन झाले आणि आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी 1976 मध्ये जो कायदा झाला त्याने एकाधिकार खरेदीची पद्धत आली. पेसा कायद्याने 1996 मध्ये ग्रामसभेला आणि वनहक्क कायद्याने 2006 मध्ये वनात राहणाऱ्यांना गौण वनोपजावर मालकी दिली; 2012 च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे आला. केंद्राची किमान आधारभूत किमतीची योजना 2013-14 पासून आहे. 2018 मध्ये वन धन योजना आली : सुमारे 300 सभासदांचे एक केंद्र, त्यास 15 लाख रुपयांपर्यंत साहाय्य, आणि उद्दिष्ट असे की माल नुसता गोळा न करता त्यावर गावातच प्रक्रिया व्हावी. कागदावर यात वावगे काही नाही. उणीव आहे ती एकच. या साऱ्या साखळीच्या दुसऱ्या टोकास जो खरेदीदार असावयास हवा तो गैरहजर आहे. प्रक्रिया करून ठेवलेली साल कोण घेणार हे आधी ठरलेले नसेल, तर यंत्रे खोलीत पडून राहतात आणि तरुण नारायणगावला जातात. तो गैरहजर खरेदीदार शासन नव्हे. तो आपण आहोत.

खरेदीदार हजर असला म्हणजे काय होते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे कातकरी तरुणांनी एकत्र येऊन गुळवेल गोळा करणे, वाळविणे व चूर्ण करणे असा उद्योग सुरू केला. वन धन योजनेचे साहाय्य त्यांना मिळाले. करोना साथीच्या काळात त्यांच्याकडे डाबर, बैद्यनाथ आणि हिमालया यांच्याकडून 350 टन गुळवेलीची, सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी आल्याचे सरकारी पत्रकात प्रसिद्ध झाले होते. साथीच्या मागणीवर कायमचा व्यवसाय उभा राहत नाही, ही शंका रास्त आहे, आणि वेल मुळासकट ओरबाडली जाऊ नये याचीही काळजी हवी. तरीही शिक्षित कातकरी तरुण मोठ्या औषध कंपनीशी थेट व्यवहार करू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. आंबेगावातही तसे संघटनकौशल्य नाही असे कोणी म्हणू नये. डिंभे जलाशयाच्या काठी विस्थापितांनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने गाळपेर जमिनीची शेती आणि मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक 2012 मध्ये ‘शाश्वत’ला मिळाले. ज्या पाण्याने शेती बुडविली त्याच पाण्यातून ज्यांनी उपजीविका काढली, त्यांना हिरड्याची प्रतवारी शिकविणे अवघड नाही.

येथे औषधशाळाचालक बंधूंची नेहमीची हरकत येईल, आणि ती खोटी नाही. व्यापारी दोन-तीन महिने उधारी देतो. संकलकास रोख लागते. व्यापाऱ्याकडे पक्के बिल मिळते. वाडीतल्या गटाकडे कोठून मिळणार? लहान औषधशाळेची वर्षाची गरज दोन-चार क्विंटल, तेवढ्यासाठी डोंगरात कोण जाणार? माझे म्हणणे असे की या तिन्ही अडचणी एकेकट्याच्या आहेत, दहाजणांच्या नाहीत. संघटनेच्या सभासद औषधशाळांनी हिरडा, बेहडा, गुळवेल आणि वावडिंग या चार द्रव्यांची एकत्रित मागणी नोंदविली तर वन धन केंद्र किंवा नोंदणीकृत उत्पादक संस्था पक्के बिल देऊ शकते, आणि एक मालमोटार सहज भरते. राहिला प्रश्न रोखीचा. त्यासाठी मागणीच्या किमतीचा काही हिस्सा आगाऊ द्यावा लागेल. हा हिस्सा म्हणजे दान नव्हे. झाड राखण्याची ती मजुरी आहे. ज्येष्ठात करार झाला तर राखणदार ठरतो, आणि राखणदार ठरला तर सुरवारी झाडावर राहतो.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. अनुसूची ‘टी’ लागू झाल्यापासून, म्हणजे 2000 पासून, कच्च्या मालाची नोंद, साठवण आणि परीक्षण यांसाठी आपल्याला जाणकार माणसे लागतात. अनुसूची ‘टी-ए’ प्रमाणे कोणते द्रव्य किती वापरले याचा हिशेबही द्यावा लागतो. या कामास आपण शहरातील मुले घेतो, ती वर्षभरात दुसरीकडे जातात आणि जाईपर्यंत त्यांना बेहडा व हिरडा यांच्या चूर्णातील फरक कळत नाही. ज्या मुलाने लहानपणापासून ही झाडे पाहिली त्याला सूक्ष्मदर्शकाखाली चूर्ण दाखविले, आर्द्रता मोजणे शिकविले, तर तो सहा महिन्यांत तयार होईल. ॲप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे आणि 2016 च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलते. किती औषधशाळांनी आजवर एका तरी आदिवासी तरुणास या मार्गाने घेतले? वनौषधींच्या संकलनाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देणारे राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागाचे केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच स्थापन झाले. जुन्नरहून पुणे काही सातासमुद्रापार नाही.

आपल्या परिसंवादांत चरकाचार्यांच्या एका वचनाचा आधार वारंवार घेतला जातो. शेळ्या राखणारे, मेंढपाळ, गुराखी आणि अन्य वनवासी औषधींना नामरूपाने ओळखतात, असा त्याचा आशय. टाळ्या पडतात. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही : केवळ नाम किंवा रूप जाणल्याने औषधीचा परम योग कळत नाही. म्हणजे ज्ञानाचे दोन भाग आहेत, एक वनात आणि एक वैद्याकडे. आपण पहिला भाग विनामूल्य घेतला आणि दुसरा त्यांच्यापर्यंत नेला नाही. आदिवासी मुलाने हिरड्याचे झाड ओळखावे, पण अभयारिष्टात ते कसे पडते हे त्याला ठाऊक नसावे, ही विभागणी चरकाचार्यांनी सांगितलेली नाही.

कायद्याचाही एक मुद्दा आहे, आणि तो काही वाचकांना रुचणार नाही. जैविक विविधता कायदा 2002 मध्ये झाला. स्थानिक लोकांशी लाभाची न्याय्य वाटणी करण्याचे बंधन भारतीय औषध कंपन्यांनाही आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात डिसेंबर 2018 मध्ये दिला. त्यानंतर 2023 ची दुरुस्ती आली आणि संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाचा उपयोग करणाऱ्यांना, तसेच नोंदणीकृत आयुष वैद्यांना या बंधनांतून बऱ्याच अंशी सूट मिळाली. आपल्या अनेक सभासदांनी तेव्हा सुटकेचा श्वास सोडला. कागदपत्रांचा जाच मलाही नको होता. परंतु सूट मिळाली ती ज्ञान संहितांत लिहिलेले आहे म्हणून. फळ संहितेत उगवत नाही, ते अंजनावळ्याच्या डोंगरावर उगवते. कायद्याने मागितले नाही म्हणून देणे संपले असे मानावयाचे असेल, तर निदान वनवासींविषयीचे ते वचन भाषणातून वगळावे.

येथे एक खबरदारी नमूद करणे आवश्यक वाटते. हिरड्याचा लाभ ज्यांच्या वाट्यास झाडे आहेत त्यांनाच होतो, आणि ती प्रामुख्याने महादेव कोळी कुटुंबे आहेत. कातकरी बहुधा भूमिहीन, ठाकरांची स्थितीही फारशी निराळी नाही. कातकरी हे नावच कातावरून पडले असे मानतात. खैराच्या लाकडाचा कात काढणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय, जो जंगल कायद्यांनी संपुष्टात आणला. म्हणजे आपल्या खदिरसाराचे मूळ कारागीर आज वीटभट्टीवर आणि परक्याच्या शेतात आहेत. केंद्र शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू केलेल्या पीएम-जनमन अभियानात कातकरी समाजाचा समावेश आहे. घर, रस्ता, पाणी यांची कामे त्यातून होतील. औषधी द्रव्यांच्या व्यवसायात त्यांना जागा द्यायची तर ती झाडाच्या मालकीवर नव्हे, कामावर द्यावी लागेल : अठळी फोडणे, साल निवडणे, वाळवण, भरणी, वाहतूक. एकत्रित मागणी करताना ही कामे कोणत्या गटाला जातील हे करारातच लिहून घ्यावे. अन्यथा गावातील चार पुढारी घरे गट स्थापन करतील आणि आपण आदिवासींचे भले केले म्हणून छायाचित्रे काढून मोकळे होऊ. असे गट पूर्वी झालेले आहेत.

त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला एक पावसाळा लागला. या वर्षी माझ्या लहानशा औषधशाळेपुरती तीन क्विंटल सुरवारी हिरड्याची मागणी त्याच्या गटाकडे नोंदविली असून त्यापैकी एकतृतीयांश रक्कम आगाऊ दिली आहे. अटी साध्या आहेत : फळ झाडावर पिकलेले, चालू हंगामाचे, पाण्याच्या परीक्षेस उतरणारे, दर बाजारभावाहून किती अधिक ते दोघांनी बसून ठरविले. बावीस झाडे राखण्यासाठी त्यांनी दोन माणसे नेमली आहेत, त्यांपैकी एक ठाकर वस्तीतील आहे. पावसात किती गळेल सांगता येत नाही, तीन क्विंटल पुरे पडतीलच याची शाश्वती नाही, आणि तो धोका निम्मा माझा असे लिहून दिले आहे. पारगाव, मंचर, नारायणगाव परिसरातील ज्या औषधशाळा पुढील हंगामासाठी आपली मागणी यात जोडू इच्छितात, त्यांनी फाल्गुनाअखेरपर्यंत द्रव्य आणि वजन संघटनेच्या कार्यालयात कळवावे. चैत्र लागला की झाडावर चढलेल्या माणसाला थांबविता येणार नाही.